दारातला बर्फ

फ्रीज बिघडला की आमचं गिऱ्हाईक फोनवरच रोगाचं नाव सांगून मोकळं होतं. गॅस संपला. दारातून बर्फ येत नाही, गॅस संपला असेल. पाणी थेंब थेंब येतंय, येताना गॅस घेऊनच या. मी वाद घालत नाही. फ्रीजरमधलं आइस्क्रीम घट्ट आहे का, एवढंच विचारतो. घट्ट असेल तर गॅस जागच्या जागी आहे. मग सिलिंडर दुकानात ठेवतो आणि मल्टिमीटर, पान्हे, स्क्रू ड्रायव्हर आणि एक साधा काचेचा ग्लास पिशवीत टाकून निघतो.

लोकांचं गॅसचं वेड अगदीच निराधार नाही म्हणा. जुन्या एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाचा ट्रे फ्रीजरच्या पत्र्याला घट्ट चिकटायचा. घरात पाहुणे आलेले, सरबत करायची घाई. कुणीतरी सुरी नाहीतर उलथणं घेऊन ट्रे उचकटायचं, पत्र्याला भोक पडायचं आणि ‘फुस्स’ करून खरोखरच गॅस जायचा. औंधच्या आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड करून बाहेर पडलो तेव्हा माझ्या कमाईतला बराच वाटा या सुऱ्यांनी दिलेला होता. बर्फ नाही म्हणजे गॅस नाही, हे समीकरण तिथूनच घरोघरी बसलं असावं.

आयटीआयमध्ये आम्ही कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॅपिलरी, थर्मोस्टॅट, रिले शिकलो. फ्रीजला नळाचं पाणी जोडतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढे बाणेर, बालेवाडी, वाकड, खराडीला टॉवर उभे राहिले, मोठी स्वयंपाकघरं आली आणि त्यांच्याबरोबर दोन उभ्या दारांचे साइड-बाय-साइड फ्रीज आले. डाव्या दारात कोनाडा, त्यात ग्लास दाबला की पाणी, बर्फाचे खडे किंवा बर्फाचा चुरा. दुकानदार ते दाखवून फ्रीज विकतात आणि नंतर त्याच कोनाड्याच्या तक्रारी घेऊन लोक आमच्याकडे येतात. मोठ्या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर क्वचितच दगा देतो. रोजची डोकेदुखी या कोनाड्याची.

हे यंत्र अमेरिकेत घडलं. सर्व्हेल नावाच्या तिथल्या कंपनीने १९५३ मध्ये आपोआप बर्फ पाडणारा घरगुती फ्रीज बाजारात आणला. तिथल्या घरात नळाला चोवीस तास पाणी आणि पाण्याला दाब. वीज सहसा जात नाही. जेवणाच्या टेबलावर प्रत्येक ग्लासात बर्फ. एवढ्या गोष्टी गृहीत धरून हे यंत्र बांधलंय आणि ते पुण्यातल्या फ्लॅटमध्ये येतं तेव्हा यातलं काहीच त्याच्यासोबत येत नाही. त्यामुळे असा फ्रीज दुरुस्त करायला गेलो की मी आधी घर तपासतो.

ग्लास त्यासाठीच. २०० मिलीचा ग्लास कोनाड्यात धरायचा आणि घड्याळात बघायचं. दहा-बारा सेकंदांत भरला तर पाण्याच्या बाजूने काळजी नाही. अर्धं मिनिट लागलं तर फ्रीजला हात न लावता मी विचारतो, तुमचा मजला वरून कितवा? इमारतीवरची टाकी किती उंच? गिऱ्हाईक चक्रावतं. बोलावला फ्रीजवाला आणि हा टाकीची चौकशी करतोय.

हिशोब सोपा आहे. पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ म्हणजे साधारण एक किलोचा दाब, म्हणजे १४ पीएसआय. अशा फ्रीजच्या बऱ्याच पुस्तिकांत पाण्याचा दाब २० ते १२० पीएसआय हवा असं छापलेलं असतं. २० पीएसआयला टाकी नळाच्या १४ मीटर वर हवी. मजल्याची उंची ३ मीटर धरली तर वरचे चार-पाच मजले गेलेच. त्यातही सगळ्यात वरचा, म्हणजे गच्चीला लागून असलेला फ्लॅट. तिथे टाकीचं पाणी जेमतेम तीन-चार मीटर वरून उतरतं, चार-पाच पीएसआय. आणि नेमके हेच फ्लॅट सगळ्यात महाग, तिथेच सगळ्यात मोठे फ्रीज. खालच्या मजल्यावर साध्या डबल डोअरवाल्याच्या नळाला मात्र धबाधबा पाणी.

काही सोसायट्यांत वरच्या मजल्यांसाठी प्रेशर पंप असतो, तिथे अडचण येत नाही. जिथे नसतो तिथे गंमत बघण्यासारखी असते. बरीच बर्फयंत्रं ट्रेत किती पाणी पडलं ते मोजत नाहीत, सेकंद मोजतात. व्हॉल्व्ह ठरलेले काही सेकंद उघडणार आणि बंद होणार. दाब चांगला असेल तर ट्रे भरतो, कमी असेल तर तळाशी पाण्याची चकती. तिचा पापुद्र्याइतका बर्फ होतो. ट्रे पिळला तरी तो सुटत नाही, त्यावर पुढचं पाणी पडतं, असे थर साचतात. गिऱ्हाईक फोटो पाठवतं, ‘बर्फ छोटा येतोय, मशीन बदलावं लागेल का?’ मशीन बिचारं सेकंद बरोबर मोजतंय.

याहून वाईट गोष्ट लोकांना पटवणं कठीण जातं. दाब कमी असला की पाणी कमी येतं हे पटतं. पण दाब कमी असला की पाणी बंदही नीट होत नाही, हे ऐकून लोक माझ्याकडे संशयाने बघतात. फ्रीजच्या मागे खाली जो सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो त्यात एक रबरी पडदा आहे. कॉइलला वीज मिळाली की आतली छोटी दांडी उचलली जाते, पडद्याच्या मधलं बारीक भोक उघडतं आणि पाण्याच्या स्वतःच्या जोराने पडदा वर उठतो. वीज गेली की तेच पाणी पडद्याला वरून दाबून धरतं. थोडक्यात, उघडायलाही पाण्याचा जोर लागतो आणि मिटायलाही. जोर नसेल तर पडदा सैल बसतो आणि थेंब थेंब झिरपतो. झिरपलेलं पाणी ट्रेमधून ओसंडून खालच्या बादलीत जातं, नळीच्या तोंडाशी गोठतं, मग नळीच बुजते. एका टोकाला पूर आणि दुसऱ्या टोकाला दुष्काळ, एकाच घरात एकाच आठवड्यात.

बाणेरच्या एका तेराव्या मजल्यावर हे चित्र पुरं बघायला मिळालं. तेरावा म्हणजे शेवटचा. तिथल्या ताईंनी माझ्याआधी कुणाकडून तरी व्हॉल्व्ह बदलून घेतला होता. नवा व्हॉल्व्ह महिनाभर चालला, पुन्हा बादलीत बर्फाची लादी. “दादा, पार्ट डुप्लिकेट बसवला असणार,” त्या म्हणाल्या. मी व्हॉल्व्ह काढून दाखवला, पार्ट चांगला होता. मग मागचा पाइप सोडून स्वयंपाकघरातल्या बादलीत धरला. पाणी नुसतं ओघळत होतं. त्यांनी स्वतःच डोक्याला हात लावला. बाथरूमचा शॉवर बारीक येतो म्हणून त्या वर्षभर सोसायटीशी भांडत होत्या, पण शॉवरचा आणि बर्फाचा संबंध त्यांनी जोडला नव्हता. आरओ प्युरिफायरमध्ये असतो तसा छोटा बूस्टर पंप प्रेशर स्विचसह फ्रीजच्या लाइनवर बसवला. व्हॉल्व्ह तोच ठेवला. ताईंना पंपाची घरघर आवडली नाही, पण बर्फ आवडला.

आरओचा विषय निघालाच आहे तर सांगतो. फ्रीजला पाणी आरओचं जोडा, असं प्रत्येक घरात म्हणतात आणि ते बरोबरही आहे. पण भिंतीवर टांगलेल्या आपल्या नेहमीच्या आरओच्या पोटात सात-आठ लिटरची टाकी असते आणि तिच्यातून पाणी स्वतःच्या वजनाने नळात उतरतं. त्याला दाब असा नसतोच. बसवणारा प्लंबर त्या नळाला टी मारून पाव इंची पाइप फ्रीजला देतो, पैसे घेतो आणि जातो. पहिल्या दिवशी कोनाड्यातून चार थेंब. सिंकखाली बसणारा, हवेच्या फुग्याची प्रेशर टाकी असलेला आरओ असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्या टाकीतलं पाणी ढकललं जातं.

आरओ नको, फ्रीजमध्ये फिल्टर आहेच की, असंही म्हणणारे भेटतात. तो फिल्टर कार्बनचा. क्लोरीनचा वास घेतो, गाळ अडवतो, पण पाण्यात विरघळलेले क्षार त्याच्यातून खुशाल जातात. खडकवासल्याचं पाणी असेल तर फरक पडत नाही, ते मुळातच मऊ आहे. पण ज्या भागात टँकर आणि बोअर, तिथे ग्लासातला बर्फ विरघळल्यावर तळाशी पांढरे कण दिसतात. लोक घाबरून विचारतात, प्लास्टिक आहे का? प्लास्टिक नाही. पाणी गोठताना क्षारांना आत जागा देत नाही, ते मधोमध ढकलले जातात आणि तिथे त्यांची पूड होते. तेच क्षार व्हॉल्व्हच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीवर बसतात. ती जाळी चिमट्याने काढून लिंबाच्या पाण्यात ठेवली की निम्म्या तक्रारी मिटतात, पण गिऱ्हाइकाला लिंबू मागितलं की त्याचा माझ्यावरचा विश्वास उडतो.

फिल्टर सहा महिन्यांनी बदलायचा असतो. दिवा लाल होतो, लोक बटण तीन सेकंद दाबून तो हिरवा करतात आणि फिल्टर तसाच ठेवतात. नवा बसवला तरी त्यात हवा असते. सात-आठ लिटर पाणी सोडून दिलं नाही तर ग्लास काढल्यावरही कोनाडा ठिबकत राहतो आणि दुसऱ्या दिवशी ‘नवीन फिल्टर खराब निघाला’ म्हणून फोन येतो. जुना फिल्टर तुंबलाय का, हे बघायला ज्या फ्रीजसोबत बायपासचा बूच मिळतो तो लावून बघावा. बूच लावल्यावर ग्लास झरझर भरला तर दोष फिल्टरचा, दहा मिनिटांचं काम. पण तो बूच कुणाच्याच घरात सापडत नाही. फ्रीज आला त्या दिवशीच तो थर्माकोलबरोबर कचऱ्यात गेलेला असतो.

खराडीच्या एका घरची तक्रार वेगळ्या जातीची होती. बर्फ येतो आणि येत नाही. नवराबायको दोघं आयटीत. नवऱ्याने मोबाइलमध्ये चक्क तक्ता ठेवला होता, कोणत्या दिवशी बादलीत किती बर्फ. मी असा रुग्ण आधी पाहिला नव्हता, पण त्या तक्त्याचे मी आजही आभार मानतो. रविवारी संध्याकाळी बादली भरलेली. सोमवारपासून उतरती. शुक्रवारी तळ दिसायचा. कंपनीच्या माणसांनी बर्फयंत्र बदललं होतं, बोर्डही बदलायचं चाललं होतं. यंत्राला वार कळत नाही, मी म्हटलं. वार माणसांना कळतो.

टेस्टचं बटण दाबलं. आइस मेकरच्या पोटाखाली किंवा बाजूला असं एक बटण असतं, तीन सेकंद दाबलं की ट्रे वळतो, रिकामा होतो आणि लगेच पाणी घेतो. बादली काढून खाली पातेलं धरायचं, नाहीतर फ्रीजरमध्ये आंघोळ. ट्रे वळला, पाणी व्यवस्थित पडलं. म्हणजे मोटर, बोर्ड, व्हॉल्व्ह सगळे धडधाकट. मग मी एकच विचारलं, रात्री फ्रीज मागून गुंगुं वाजतो का? “हो ना,” बायको म्हणाली, “मध्यरात्रीनंतर मध्येच वाजतो आणि थांबतो. आम्हाला वाटलं गॅस...” तो आवाज म्हणजे व्हॉल्व्हच्या कॉइलला वीज मिळत होती, दांडी थरथरत होती आणि पाणी नव्हतं.

खाली येऊन वॉचमनमामांना गाठलं. चहाची विचारपूस झाल्यावर कळलं ते असं: टँकरचा खर्च वाढला म्हणून कमिटीने रात्री अकरा ते पहाटे पाच आणि दुपारी बारा ते चार टाकीचा मेन कॉक बंद ठेवायचा ठराव केलेला. रविवारी सगळे घरी असतात, धुणी-भांडी असतात, म्हणून रविवारी दुपारी कॉक चालू. बर्फाचा एक घाणा व्हायला दीड-दोन तास लागतात. फ्रीज दिवसरात्र वेळेवर पाणी मागत होता आणि दिवसाचे दहा तास त्याला कोरडी नळी मिळत होती. रिकामा ट्रे गार व्हायचा, यंत्राला वाटायचं बर्फ झाला, ट्रे वळायचा, काही पडायचं नाही, पुन्हा पाणी मागायचा. मामांना हे समजावून सांगितलं तर ते म्हणाले, “मग त्या फ्रीजला सांगा की दिवसा बर्फ करायला.” कमिटीपेक्षा त्यांचा तोडगा सरळ होता. आम्ही शेवटी सिंकखालचा प्रेशर टाकीवाला आरओ बसवून घेतला, म्हणजे कॉक बंद असला तरी टाकीतल्या साठ्यावर रात्र निघते. कॉक रोज उघडबंद होत असल्याने पहिल्या पाण्याबरोबर येणारा गाळ आणि गंज फ्रीजऐवजी आरओच्या पहिल्या फिल्टरला जातो, हा आणखी एक फायदा.

काही कॉल पाच मिनिटांचे असतात. नातवाने कुलपाचं चित्र दाबून ठेवलंय, म्हणून कोनाडा मुका झालाय. मटारची पिशवी बर्फाच्या दांडीला टेकलीये, म्हणून यंत्राला बादली भरलेली वाटतेय. फ्रीज मागे ढकलताना पाइप मुडपलाय. फ्रीजरचं दार पूर्ण मिटलेलं नाही, कारण आत पुरणपोळ्यांचा डबा आडवा बसलाय, आणि दार उघडं असलं की डिस्पेन्सर काम करणार नाही अशीच रचना आहे. एकदा पाइप उंदराने कुरतडला होता आणि खालच्या मजल्याच्या छताला ओल आली होती. याचे मी जुजबी पैसे घेतो. फोनवर मिटलं तर तेही नाही.

मे महिन्याचा आजार मात्र दरवर्षीचा. बाहेर चाळीसचा पारा, म्हणून लोक फ्रीजरचं तापमान उणे २३-२४ वर नेतात. जास्त गार म्हणजे जास्त बर्फ, असं वाटतं. पण पिण्याच्या पाण्याची नळी फ्रीजरच्याच दारातून वर कोनाड्यात चढते. दार बाहेरून उबदार आणि आतून गोठलेलं, मध्ये थोडासा फोम. उणे १८ ला ती नळी तग धरते. उणे २४ ला, आणि त्यातून घरचे चार दिवस गावी गेलेले असले, तर नळीतलं पाणी जागच्या जागी गोठतं. लक्षण ओळखायला सोपं: बर्फ येतो, पाणी येत नाही. खात्री करायची तर फ्रीजच्या पायाशी पुढची जाळी काढायची, दाराच्या बिजागरीखाली पाइपचा जोड असतो, त्याची कडी दाबून तो सोडवायचा. तिथपर्यंत पाणी येतंय आणि पुढे फुंकर जात नाही, म्हणजे दारात बर्फ. सामान काढून फ्रीजरचं दार तास-दोन तास उघडं ठेवायचं, तापमान उणे १८ ला आणायचं. हेअर ड्रायर चालतो, पण दुरून आणि मंद. एका उत्साही काकांनी उकळतं पाणी ओतलं होतं, त्यांच्या दाराच्या आतलं प्लास्टिक तडकलं.

पावसाळ्यात तक्रार बदलते. बर्फ जिथून खाली घसरतो त्या घसरगुंडीच्या तोंडाशी एक झडप असते. ग्लास काढल्यावर ती लगेच मिटत नाही, मागे राहिलेला खडा पडायला वेळ देते आणि मग ‘टक’ करून बसते. आमच्या गिऱ्हाइकांना तो ‘टक’ बिघाड वाटतो. माझ्यासाठी तो आवाज न येणं हा बिघाड. झडपेत बर्फाचा तुकडा अडकला किंवा तिचं रबर कडक झालं की फट राहते, आणि जुलैची दमट हवा त्या फटीतून चोवीस तास आत जाते. घसरगुंडीत तुषार जमतात, बादलीच्या वरच्या थराला घाम सुटून तो पुन्हा गोठतो, मोटर हुंकारते, बर्फ पुढे ढकलणारा स्क्रू फिरत नाही. मुंबई, ठाणे, अलिबागकडे जिथे हवा बाराही महिने ओली, तिथल्या माझ्या व्यवसायबंधूंना हे काम वर्षभर पुरतं. चुरा काढायची सवय असेल तर त्रास आणखी. चुऱ्याचे कण घसरगुंडीला चिकटतात. मी सांगतो, चुरा घेतल्यावर शेवटी एक-दोन अख्खे खडे पाडा, ते वाट झाडत जातात.

आता मूळ दुखण्याकडे येतो. वर सांगितलेलं सगळं ठीकठाक असलं तरी महाराष्ट्रातल्या घरात हे यंत्र कुरकुरतं, कारण त्याचा बर्फ कुणी खात नाही. गार पाण्याने घसा धरतो, सर्दी होते, दात शिवशिवतात. माठातलं पाणी बरं. बर्फ लागतो तो मे महिन्यात पन्ह्याला, कोकम सरबताला, मुलाच्या वाढदिवसाला आणि बाबांच्या मित्रमंडळाला. मधल्या काळात बादली भरून पडून राहते. नो-फ्रॉस्ट फ्रीजमध्ये कोरडी हवा सतत फिरते, बर्फ न वितळताच हळूहळू उडतो, कोपरे झिजतात, खडे एकमेकांत मुरतात. मध्ये वीज चार तास गेली की वरचे वितळून खालच्यात मिसळतात आणि सगळ्या बादलीचा खडीसाखरेसारखा एकच खडा होतो. त्यात स्क्रू फिरवायचा प्रयत्न झाला की एकतर मोटर जळते नाहीतर दात तुटतो.

शिवाय वास. बऱ्याच साइड-बाय-साइडमध्ये गारवा एकाच ठिकाणी तयार होतो आणि तीच हवा पंख्याने दोन्ही बाजूंना फिरते. उजव्या दारात सोललेला लसूण, फणसाचे गरे, रविवारची सुकट उघड्या वाटीत ठेवली की तो वास आठवडाभरात बर्फात उतरतो. मग सरबताला सुकटीचा वास येतो आणि मला फोन येतो की फिल्टर बदलायला या. फिल्टरने काय होणार? बादली रिकामी करा, कोमट पाण्याने धुवा, कोरडी करा, पहिले दोन-तीन घाणे टाकून द्या आणि वाट्यांवर झाकणं ठेवा. त्याचे पैसे मागताना मला स्वतःलाच संकोच वाटतो.

पुण्याच्या कॅम्पातल्या एका वृद्ध पारशी गिऱ्हाइकाने घशाच्या या भीतीला फार जुना दाखला दिला होता. १८३० च्या दशकात बोस्टनहून जहाजात भुशात गुंडाळलेला बर्फ आधी कलकत्त्याला आणि मग मुंबईला यायचा. तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानांसह पाहुण्यांना सर्दी झाली, वर वर्तमानपत्राने त्यांना टोमणाही मारला, असं सांगतात. गोष्ट सांगून ते गृहस्थ खदखदून हसले आणि कोनाड्यातून ग्लासभर खडे काढून मला रासबेरी सोडा पाजला. त्यांच्या घरच्या यंत्राला काही झालेलं नव्हतं, नुसता फिल्टर बदलायचा होता. रोज संध्याकाळी बर्फ काढणारं ते एकमेव घर माझ्या वहीत आहे आणि त्यांच्याकडून दुसरी तक्रार कधी आली नाही.

म्हणून हल्ली मी लोकांना सरळ सांगतो: बर्फ लागत नसेल तर आइस मेकर बंद ठेवा. तसं बटण असतं. बादली धुऊन कोरडी करून आत ठेवा, पाणी वापरत राहा. सणासुदीला आदल्या दिवशी चालू करा, रात्रभरात पुरेसा बर्फ होतो. काहींना हे पटतं, काहींना वाटतं एवढे पैसे मोजून घेतलेलं यंत्र बंद ठेवायला सांगणारा हा कसला मेकॅनिक. नळाशिवायची, हाताने भरायच्या टाकीची मॉडेलंही मिळतात. भाड्याच्या घरात ती सोयीची, पण त्या टाकीच्या कोपऱ्यात बुळबुळीत थर धरतो, ती आठवड्याला घासावी लागते, आणि ते काम घरातल्या कुणाचं हे खरेदीच्या दिवशीच ठरलेलं बरं.

नवा घेऊ का, असं विचारणारे फोनही येतात. परवा वाकडहून एकाचा आला. मोठा साइड-बाय-साइड, पाणी आणि बर्फ दोन्ही दारातून, दिवाळीची ऑफर. मी विचारलं, फ्लॅट कितव्या मजल्यावर? वरून दुसरा. पाणी? टँकर, सकाळ-संध्याकाळ. आरओ? भिंतीवरचा. घरात बर्फ कोण खातं? त्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मागे बायकोला विचारल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “पाहुणे.” येत्या रविवारी त्याच्याबरोबर दुकानात जायचं ठरलंय, आणि त्याआधी मोजमाप घेऊन सिंकखाली प्रेशर टाकी बसते का तेही बघून यायचंय. बायकोला तो कोनाडा हवाच आहे म्हणे.